रिव्हर प्लेट सिम्युलेटर : नाशिकच्या टीमच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

नौदलाच्या लढाईचा संगणकी खेळ करतोय, त्याची व्याप्ती ठरली. एकच लढाई घ्यायची: १३ डिसेंबर १९३९, रिव्हर प्लेट नदीच्या मुखाबाहेरचा समुद्र. जर्मनांची अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे एकटी, समोर ब्रिटिशांच्या एक्सेटर, एजॅक्स आणि अकिलीस. चारच जहाजं, दिवसाउजेडी लढाई, ब्रिटिशांकडे रडार नाही. अंतर, दिशा, वेग जे काय कळायचं ते काचेतून बघूनच. आपल्याला नेमकं हेच हवंय.

अकिलीस खेळाडूच्या हाती द्यायची. हीच नौका १९४८ मध्ये भारताने घेतली, आयएनएस दिल्ली झाली आणि १९७८ पर्यंत आपल्या नौदलात राहिली. १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिच्या तोफा पुन्हा चालल्या. मराठी खेळाडूला जहाज परकं वाटणार नाही.

तोफांची माहिती फाइलमध्ये भरली:

अकिलीस, एजॅक्स: प्रत्येकी ८ × ६ इंची (आठ तोफा, नळीचा व्यास ६ इंच), गोळा ५०.८ किलो, नळीतून सुटतानाचा वेग ८४१ मी./से.
एक्सेटर: ६ × ८ इंची, गोळा ११६ किलो, ८५५ मी./से.
ग्राफ श्पे: ६ × २८ सेमी, गोळा ३०० किलो, ९१० मी./से.

एक नियम आजच लिहून ठेवतो, पुढे वाद नको. गोळा लागला की नाही हे ठरवायला फासा टाकायचा नाही. बहुतेक खेळांत वीस टक्के, तीस टक्के अशी शक्यता धरून निकाल लावतात आणि त्यालाच रिअ‍ॅलिझम म्हणतात. इथे गोळा खराखुरा उडेल आणि जिथे पडायचा तिथे पडेल. चुका सगळ्या माहितीत असतील: अंतर मोजण्यात, समोरच्याचा वेग ओळखण्यात, गोळा पडल्यावर उसळणारा पाण्याचा खांब कोणाचा हे समजण्यात. तोफेची स्वतःची विखुरण तेवढी वेगळी, ती राहणारच.

१५ जून

उड्डाणाचं गणित. हवेचा रोध काढून टाकला तर ६ इंची गोळा ४५ अंशांवर ७२ किमी जातो. प्रत्यक्षात त्याचा कमाल पल्ला २३.३ किमी. म्हणजे दोन तृतीयांश पल्ला हवाच खाते. २८ सेमीच्या गोळ्याचं तसं नाही. ४० अंशांवर निर्वातात ८३ किमी, खरा पल्ला ३६.५ किमी. कारण वस्तुमान भागिले व्यासाचा वर्ग: ६ इंचीला सुमारे २१९०, ८ इंचीला २८१०, २८ सेमीला ३७५० (किलो प्रति चौ. मी.). जितका जड आणि अरुंद, तितका हवेला कमी दाद देणारा. पंचवटीतून डागला तर ग्राफ श्पेचा गोळा त्र्यंबकेश्वर ओलांडून जाईल. अकिलीसचा वाटेतच पडेल. लढाईची सगळी डावपेचांची रचना या फरकावर उभी आहे, त्यामुळे इथे ढिलाई चालणार नाही.

पद्धत: चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा (उड्डाण छोट्या पायऱ्यांत मोजायची रीत), पायरी ०.०२ सेकंद. हवेची घनता उंचीनुसार घातांकी उतरती, समुद्रसपाटीला १.२२५. ही उतरण सोडली तर लांब पल्ल्याचे आकडे जुळतच नाहीत, कारण गोळा कित्येक किलोमीटर वर विरळ हवेत जातो.

रोधाचा गुणांक स्थिर ठेवला की पहिला घोळ होतो. कमाल पल्ल्याला तो जुळवून घेता येतो, पण मग मधल्या अंतरांवर उड्डाणाचा वेळ आणि उतरण्याचा कोन दोन्ही चुकतात. गोळा सुटतो माख २.४७ ला (ध्वनीच्या वेगाच्या २.४७ पट) आणि उतरताना ध्वनीच्या वेगाच्या आसपास येतो. त्या पट्ट्यात गुणांक झपाट्याने बदलतो. म्हणून माखनुसार कोष्टक ठेवलं, मधले आकडे सरळ रेषेने काढले, आणि प्रत्येक तोफेला एकच आकार-गुणक लावून छापील कमाल पल्ल्याशी जुळवून घेतलं.

गोडो या खेळ बनवायच्या इंजिनबद्दल दोन गोष्टी. जीडीस्क्रिप्ट या त्याच्या भाषेतला साधा फ्लोट (दशांश संख्या) ६४ बिटांचा असतो, पण व्हेक्टर३ (जागेचे तीन आकडे) मधले तिन्ही घटक ३२ बिटांचे. वीस किलोमीटरवर ३२ बिटांची सर्वांत बारीक पायरी जवळपास २ मिलिमीटर पडते. गोळ्याला ते चालतं, पण दुर्बिणीतून बघताना जहाजाचं मॉडेल थरथरतं. गोळ्यांचे क्ष, य, झ वेगळे फ्लोट म्हणून ठेवले आणि दृश्याचा मूळबिंदू कॅमेऱ्याबरोबर सरकवला.

दुसरं, इंजिनचा तयार रिजिडबॉडी (हालचाल आपोआप मोजणारी वस्तू) गोळ्यासाठी वापरू नये. सेकंदाला ६० पायऱ्यांत सुटतानाच्या वेगाने गोळा एका पायरीत १४ मीटर उडी मारतो. डायरेक्टरचा (नेम धरायच्या उंच जागेचा) मनोरा त्या उडीत सहज निसटतो. दोन पायऱ्यांमधल्या रेषाखंडाची टक्कर तपासायची.

२२ जून

यार्ड आणि मीटर. ब्रिटिश तबकड्या यार्डात, कोड मीटरमध्ये. एका ठिकाणी रूपांतर राहून गेलं की १५,००० वर १,३०० मीटरचा फरक, आणि तो दिसायला अगदी खऱ्या चुकीसारखा दिसतो. चलांच्या नावातच एकक: `पल्ला_मी`, `पल्ला_या`. वेगाचंही तसंच, नॉट गुणिले ०.५१४४. विषय संपला.

पृथ्वीचा बाक: १५ किमीला १७.७ मीटर. कोरिऑलिस: ३५ अंश दक्षिणेला १५ किमीच्या माऱ्यात वीसेक मीटर, आणि डावीकडे. उत्तर गोलार्धातलं सूत्र जसंच्या तसं उचललं तर चिन्ह उलटं पडतं. दोन्ही ठेवले, स्वस्तात होतात.

५ जुलै

रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची दुर्बीण. प्रकल्पाचा गाभा इथून सुरू होतो.

मोजणीतली चूक अंतराच्या वर्गाने वाढते: अंतराचा वर्ग गुणिले डोळ्याची कोनीय सूक्ष्मता, भागिले (पाया गुणिले वर्धन). पाया म्हणजे यंत्राच्या दोन टोकांच्या भिंगांमधलं अंतर. सूक्ष्मता १० आर्कसेकंद (एक म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि वर्धन २५ पट धरलं, तर १५ किमीला १०.५ मीटर पायाच्या जर्मन यंत्राची चूक ४२ मीटर. पाया ४ मीटर असेल तर १०९ मीटर. हे अगदी आदर्श हवेत, निवांत बसलेल्या माणसाचं. धूर, कंप, झगमग यांचं धरून आकडा दुपटीवर नेला.

आता समोर काय आहे ते बघा. ग्राफ श्पे आडवी उभी असेल तर रुंदी २१.६ मीटर. गोळा २५ अंशांत उतरतोय आणि बाजूची उंची ८ मीटर धरली तर त्यात १७ मीटर वाढतात. म्हणजे पल्ल्याच्या दिशेने जेमतेम ३९ मीटरची पट्टी, तिथे पडला तरच लागला. ४ मीटर पायाची चूक आदर्श हवेतही त्याच्या जवळपास तिप्पट. ‘नेम धरला आणि मारला’ हा प्रकार क्रूझरच्या (मध्यम युद्धनौकांच्या) लढाईत मुळात नाहीच.

चूक कोडमध्ये कशी घालायची, यावर चर्चा झाली. प्रत्येक वाचनाला स्वतंत्र यादृच्छिक चूक दिली तर खेळाडू दहा वाचनांची सरासरी काढतो आणि चूक गायब. खऱ्या यंत्रात तसं होत नाही. तापमान, जुळवणी, त्या माणसाची सवय यामुळे चूक एकाच बाजूला बराच वेळ टिकते. म्हणून दोन थर ठेवले: लहान, झटपट बदलणारी थरथर, आणि मोठी, मिनिटांच्या हिशेबात सावकाश सरकणारी झुकती चूक. दुसरी खेळाडूला फक्त गोळे पडलेले बघूनच कळते.

१३ जुलै

पाण्याचे खांब.

डायरेक्टर पाण्यापासून २० मीटर उंच धरा. १५ किमीवरचं लक्ष्य आणि त्याच्या २०० मीटर पलीकडे पडलेला गोळा यांच्या बुडांमधला कोन: २० गुणिले २००, भागिले १५,००० चा वर्ग. ०.०१८ मिलिरेडियन, म्हणजे पावणेचार आर्कसेकंद. दहा पट दुर्बिणीतूनही हा फरक मोजण्यासारखा नाही. गोळा किती पुढे पडला हे तोफखाना अधिकाऱ्याला दिसतच नाही. दिसतं एवढंच: खांब जहाजाच्या पलीकडे आहे की अलीकडे. जहाजाने खांब झाकला तर पलीकडे गेला, खांबाने जहाज झाकलं तर अलीकडे पडला. आणि खांब जहाजाच्या रेषेतच नसेल, डावी-उजवीकडे असेल, तर तेही कळत नाही. त्यामुळे आधी दिशा दुरुस्त, मग पल्ला. हा क्रम उलटा केला की खेळाडू अंधारात चाचपडत बसतो.

बाजारातल्या खेळांत उंचावरून तिरकस बघणारा कॅमेरा देतात आणि सगळा प्रश्नच संपतो. इथे कॅमेरा डायरेक्टरच्या उंचीलाच अडकवला. वरून बघायचं असेल तर विमान उडवा, रेडिओ लावा.

चित्रणातली अडचण: १५ किमीवर खांब आणि जहाज यांची खोली एकमेकांत घुसते, खांब लुकलुकतो, आणि पुढे-मागे हेच उलटं दिसतं. म्हणजे ज्या एका माहितीवर खेळ चालतो तीच खोटी. गोडो ४.३ पासून उलट-झेड (दूरची खोली बारकाईने साठवायची रीत) आहे, तेवढ्याने बरंच सुधारतं. शिवाय कॅमेऱ्याची जवळची सीमा ०.०५ वरून १ मीटरवर नेली. त्यानंतर लुकलुक थांबली.

२६ जुलै

देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार काका आले, तासभर डायरेक्टरवर बसले. जमिनीवरच्या तोफखान्याचा माणूस. ब्रॅकेट, म्हणजे लक्ष्याला दोन माऱ्यांच्या मध्ये पकडणं, हाडीमांसी भिनलेलं. ४०० पुढे, ४०० मागे, मग २०० ने निम्मं. पहिले साल्वो (एकदम सोडलेले गोळे) सुरेख जमले, पण निम्मं केल्यावर गोळे पुन्हा बाहेर. ‘अरे, तुमचं टार्गेट पळतंय की!’

नेमकं हेच. समोरासमोर २५-२५ नॉटने येणाऱ्या जहाजांमधलं अंतर सेकंदाला २५.७ मीटरने घटतं. ६ इंची गोळा १५ किमीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हवेत असतो. तेवढ्यात पाऊण किलोमीटर सरकलं. ब्रॅकेट स्थिर जमिनीवर नाही, सरकत्या अंतरावर लावायचं. म्हणून अंतर बदलण्याचा दर आधी भरावा लागतो. खऱ्या नौकेवर हे काम अ‍ॅडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल हे यांत्रिक गणनयंत्र करायचं. दर चुकला तर ब्रॅकेट आपोआप एका बाजूला घसरत जातं. आणि ही घसरणच दर सुधारायचा पुरावा असते: सलग तीन दुरुस्त्या एकाच दिशेने लागल्या, तर पल्ल्यात हात घालू नका, दर बदला. शिकवणीच्या पहिल्या धड्यात हे घातलं.

शिवाय मिनिटाला सहा-सात फेऱ्यांच्या हिशेबाने एका वेळी तीन-चार साल्वो हवेत असतात. खाली पडलेला बघून दुरुस्ती केली, तर पुढचे तीन अजून जुन्याच आकड्यावर येताहेत. ते बघून परत दुरुस्ती केली की गेलं सगळं. खऱ्या जहाजांवर उड्डाणाचा वेळ संपताना बझर वाजायचा, आत्ता पडतोय तो कुठला साल्वो हे कळावं म्हणून. आपल्याकडेही बझर ठेवला, आणि तो बंद करायची सोय मुद्दाम दिलेली नाही.

३ ऑगस्ट

खांब कोणाचा? एजॅक्स आणि अकिलीस एकाच लक्ष्यावर मारा करताहेत. पडद्यावर रंग, नाव, बाण काही नाही.

इतिहासात याचा फटका बसलेला आहे. दोघी एकत्रित मारा करत असताना अकिलीसच्या डायरेक्टरवर कपच्या बसल्या, रेडिओ गेला, आणि ती स्वतंत्र मारा करू लागली. वरून बघणाऱ्या एजॅक्सच्या सीफॉक्स विमानाला हे ठाऊक नव्हतं. त्याचा रेडिओ सुरुवातीला वेगळ्याच लहरीवर होता, त्यातही वेळ गेला होता. त्याने अकिलीसचे अलीकडे पडणारे साल्वो एजॅक्सचे समजून कळवले. एजॅक्सने पल्ला वाढवला आणि तिचे गोळे पुढे जात राहिले.

हे स्क्रिप्ट करून घातलेलं नाही. विमानाला फक्त खांबाची जागा आणि वेळ कळते, मालक नाही. मालक तो अपेक्षित वेळेवरून ठरवतो. दोन जहाजांच्या वेळा जवळ आल्या की चूक आपसूक घडते. चाचणीत ती घडली, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

१७ ऑगस्ट

जहाजाची हालचाल. वळण्यासाठी नोमोटोचं पहिल्या क्रमाचं समीकरण, दोनच स्थिरांक: सुकाणूला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ आणि वळण्याचा दर. वळताना वेग कमी होणं वेगळं जोडलं, नाहीतर खेळाडू सतत नागमोडी जातो आणि त्याची काहीच किंमत मोजत नाही. मागचा साल्वो पडला तिकडे वळायचं, म्हणजे शत्रूची दुरुस्ती वाया जाते, ही खरी युक्ती आहे. पण वळलं की स्वतःच्याही टेबलावरचा दर बिघडतो. दोन्ही बाजूंना लागू ठेवलं.

३१ ऑगस्ट

नुकसान. लाल पट्टी नाही, हिट पॉइंट नाहीत. वर्ल्ड ऑफ वॉरशिप्ससारख्या खेळात ते चालतं, तिथे वीस मिनिटांत सामना संपवायचा असतो.

इथे प्रत्येक नौका म्हणजे जोडण्यांचं जाळं. टरेटला (तोफांच्या फिरत्या बुरुजाला) तीन गोष्टी लागतात: वीज, गोळे वर आणणारा हॉइस्ट, आणि डायरेक्टरकडून आकडे. तिसरी तुटली तर टरेट स्वतःच्या भरवशावर मारा करतो, अंदाज ढासळतो, पण तोफ चालते. पहिली तुटली तर संपलं.

एक्सेटरवर पारखून पाहिलं. तिच्या बी टरेटवर २८ सेमीचा गोळा फुटला आणि कपच्यांनी ब्रिजवरची (जहाज चालवायच्या जागेवरची) जवळपास सगळी माणसं गेली. कॅप्टनने मागून, होडीतल्या होकायंत्रावर, माणसांची साखळी लावून सुकाणूवाल्याला आदेश पोचवले. शेवटचा वाय टरेट थेट माऱ्याने नाही, तर पाणी शिरून वीज गेल्याने थांबला. जाळ्याच्या मॉडेलमध्ये यातलं सगळं बसतं: ‘ब्रिज ते सुकाणू’ ही जोडणी तुटली की पर्यायी मार्ग उघडतो, पण आदेशाला उशीर लागतो. उशीर १५ सेकंदांवर ठेवलाय, तो आमचा अंदाज.

ग्राफ श्पेचा हिशेब याहून मजेशीर. तिला विसेक गोळे लागले, तोफा चालू होत्या, इंजिन चालू होतं. हिट पॉइंटच्या खेळात ती आरामात जिंकते. पण भटारखाना गेला, इंधन स्वच्छ करायची यंत्रणा निकामी झाली, नाकाजवळ भगदाड, आणि घर अटलांटिकच्या पलीकडे. चार दिवसांनी, १७ डिसेंबरला, माँटेव्हिडिओबाहेर तिच्याच माणसांनी तिला बुडवलं. म्हणून आपल्या खेळात लढाई संपल्यावर एक पान येतं: उरलेला दारूगोळा, समुद्रात टिकण्याची क्षमता, जवळचं बंदर. जय-पराजय तिथे ठरतो.

गणपती बसलेत. विसर्जनापर्यंत कमिट (कोडमधले बदल) नाहीत.

१४ सप्टेंबर

हातचक्रं तयार झाली. अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमची २०० मिमी व्यासाची दोन चक्रं टर्न करून घेतली. एक पल्ल्याला, एक दिशेला. कडेला जास्त वजन ठेवायला सांगितलं होतं, चक्र हलकं असलं की हात थरथरतो आणि काटा नाचतो.

एन्कोडर (चक्र किती फिरलं ते मोजणारा) ऑप्टिकल, फेऱ्याला ६०० पल्सचा. दोन्ही फेजच्या चारही कडा मोजल्या की फेऱ्याला २,४०० मोजण्या. एक फेरा २०० यार्ड ठेवला, म्हणजे यार्डाला १२. बोर्ड प्रो मायक्रो, कारण तो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर नको. त्यावर इंटरप्ट चालणाऱ्या पिना ०, १, २, ३ आणि ७; दोन एन्कोडरना चार लागतात, पुरतात.

इथे हमखास अडकायला होतं: या एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं. पुल-अप (पिनेला व्होल्टेज देणारा रोधक) लावला नाही तर पिनेवर काहीच येत नाही आणि माणूस एन्कोडर खराब समजून परत करतो. बोर्डातला आतला पुल-अप आखूड वायरीला पुरतो. दोन मीटर केबलवर मोजण्या गळायला लागतात, तिथे बाहेरून ४.७ किलोओहम ५ व्होल्टला लावावा. केबलची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करायची.

पडद्यावर दोन काटे: एक टेबलाने सांगितलेला, एक तुमचा. चक्र फिरवून एकावर एक ठेवायचे. त्या काळी टरेटमधली माणसं हेच करत.

२८ सप्टेंबर

पडताळणी. पडदा बंद ठेवून, दोन्ही बाजूंना संगणक, रात्रभर लढाया चालवल्या. कसोटी इतिहासाची: ब्रिटिशांच्या दोन हलक्या क्रूझरांनी मिळून २,००० हून जास्त गोळे डागले, एक्सेटरचे १९३ वेगळे, आणि सगळे मिळून लागले विसेक. शंभराला एक सुद्धा नाही. पहिल्या रात्रीचं प्रमाण याच्या कितीतरी वर निघालं.

कारण शोधताना तोफांच्या विखुरणीला हात लावायचा मोह होतो. विखुरण वाढवा, आकडा लगेच जुळतो. पण मग साल्वो स्ट्रॅडल होतो (लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना पडतो) की नाही यात कौशल्य उरत नाही, फासा मागच्या दाराने आत येतो. त्याऐवजी संगणकी अधिकाऱ्याला काय दिसतं ते तपासलं. तो खांब कोणाचा हे ओळखत होता, कारण यादीत मालकाचा क्रमांक तसाच राहिला होता. तो काढला, धूर आणि स्वतःच्या तोफांचा झोत नजर अडवतो हे जोडलं, एका डायरेक्टरवरून दुसऱ्याकडे जाताना लागणारा वेळ धरला. प्रमाण खाली येत गेलं आणि इतिहासाच्या जवळ पोचलं. विखुरण होती तिथेच आहे: १५ किमीला लांबीत २५० मीटर.

५ ऑक्टोबर

खेळण्याजोगं आहे का? अर्ध्या मिनिटाची वाट हा सगळ्यांत मोठा आक्षेप. वेळ चारपट पळवायची सोय फक्त मारा सुरू होण्याआधी. पहिला साल्वो सुटला की एकपट. त्या अर्ध्या मिनिटात खेळाडूच्या हाताला काम दिलं: दर तपासणं, चक्र जुळवणं, सीफॉक्सचा संदेश लिहून घेणं. नुसतं बघत बसणाऱ्याला कंटाळा येणारच, त्याला उपाय नाही.

बाकी कामं: धुराचा पडदा वाऱ्याबरोबर वाहत नाही, जागेवरच विरतो, तो दुरुस्त करणे. एजॅक्सचे एक्स आणि वाय टरेट एकाच गोळ्याने गेले होते; जाळ्यात दोन्हींची सामायिक जोडणी अजून नाही. टॉर्पेडो शेवटी. ब्रिटिशांचे त्या दिवशी सुटले आणि एकही लागला नाही, त्यामुळे घाई नाही. दिशेच्या चक्राचं बेअरिंग किंचित जड फिरतंय; ६२०२ बदलून बघायचं.